मंगळवारचा डबा

१ जुलै २०२५, मंगळवार

सम्यक बंगळूरला गेला आणि जाताना आपलं लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेला. एक खोकाभर नमुने, अर्धवट काम, आणि वर ‘ताई, हे तुम्हीच करू शकता’ असं लोणी. पोरगा हुशार, पण अर्धवट सोडण्यात त्याला पीएचडी आधीच मिळाली होती.

नमुने म्हणजे मेंदूचे तुकडे. बाहेर कुणाला सांगितलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो, म्हणून हल्ली मी ‘जनुकांवर काम करते’ एवढ्यावर भागवते. काही लोक मरणानंतर मेंदू दान करतात. युसरा त्यांच्या घरच्यांना भेटते, संमती घेते, नाव पुसते, नंबर घालते. आमच्यापर्यंत फक्त नंबर येतो. नमुना उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये राहतो. मी त्यातला मुगाएवढा कण घेते आणि आयुष्यानं त्याच्या जनुकांवर कुठेकुठे खुणा केल्यात ते बघते. जनुकं जन्माची, खुणा नंतरच्या. कुठल्या जनुकानं बोलायचं आणि कुठल्यानं गप्प बसायचं, हे त्या खुणा ठरवतात. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या मेंदूत त्या वेगळ्या असतात का, हा माझा प्रश्न. तो तसाच राहिला, माझे केस तेवढे पिकले.

युसरानं आज दोनदा विचारलं, सम्यकचा खोका हैदराबादच्या लॅबला देऊन टाकू या का? मी म्हटलं, का, माझे हात काय मोडलेत? इतक्या वर्षांची मैत्रीण, पण कधी कधी मला अगदी नवशिकी समजते.

दुपारी आई डबा घेऊन लॅबवर आली. मार्चपासून हे तिचं नवीन खूळ. आधी दर मंगळवारी ती डबा घेऊन हर्सूलच्या देवीला जायची, नैवेद्य म्हणून. आम्ही सोयगाव सोडून इथे आलो तेव्हापासून तिचा एक मंगळवार चुकला नव्हता. आता म्हणते गुडघे दुखतात. मी म्हटलं, हर्सूलला गुडघे दुखतात आणि दोन रिक्षा बदलून माझ्याकडे येताना दुखत नाहीत? तर म्हणाली, “देवी लई लांब गेली बाई आता.”

डब्यात शेपूची भाजी आणि भाकरी. शेपूच्या वासानंसुद्धा मला मळमळतं, हे तिला माझ्या जन्मापासून माहीत आहे. शेपू दादाला आवडायची.

५ जुलै

आईला आज माझ्या कामाबद्दल फार प्रश्न. एरवी ‘तुझं ते बाटल्यांचं’ म्हणून मोकळी होते. आज विचारलं, “लई गार ठेवता व्हय त्यांना?” मी म्हटलं, बर्फाहून कितीतरी गार. तिनं पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, “आन त्या खुणा सांगितल्या तू. मानसानं काय काय सोसलं, ते बी लिव्हलेलं असतं का त्यात?”

काही काही असतं, म्हणाले.

“आन कुणी माया केली असंल, ते?”

मी हसले. अजून तेवढं यंत्र निघालं नाही म्हटलं. ती भांडी घासायला उठून गेली, भांडी घासलेलीच होती.

९ जुलै

दुपारी लाईट गेली, आमच्या जनरेटरनं लगेच घेतलं. दोन मिनिटांत आईचा फोन, “आमच्याकडं लाईट गेली. तुमच्याकडं हाय का?” आहे म्हटलं. “त्या फ्रिजाला बी हाय?” त्याला तर आधी, म्हटलं. मगच तिनं फोन ठेवला. माझ्या कामाची एवढी काळजी तिला कधी वाटली नव्हती. म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात, खरं असावं.

१८ जुलै

एक गंमत झाली. गंमतच म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची इच्छा नाही.

आमच्या लॅबची एक जुनी रीत आहे. प्रत्येक तपासणीत अनोळखी नमुन्यांबरोबर एक ओळखीचा नमुना लावायचा, म्हणजे यंत्र नीट चालतंय की नाही कळतं. तो ओळखीचा नमुना म्हणजे माझं रक्त. पहिल्या वर्षी घाईत मी हात पुढे केला आणि तेव्हापासून माझंच चाललंय. पोरं मला ‘वजनमाप’ म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवते.

सम्यकच्या खोक्यातले नमुने लावले. यंत्राचं काम झाल्यावर संगणक नेमानं एक शेवटची पडताळणी करतो, कुठले दोन नमुने एकमेकांचे नातेवाईक तर नाहीत ना. नळ्या अदलाबदल झाल्या तर त्यात सापडतं. एरवी तिथे काहीच निघत नाही. आज निघालं. एकेचाळीस नंबरचा नमुना माझ्या रक्ताचा सख्खा आहे, असं संगणक म्हणतो.

संगणक चुकतात. माझ्याच रक्ताचा थेंब त्या नळीत उडाला असेल. सम्यकचा गलथानपणा नडला असणार. त्याला परत बोलावून कान धरावासा वाटतोय. पण तो बंगळूरला. पुन्हा करते.

२५ जुलै

पुन्हा केलं. नवे हातमोजे, नवी नळी, फ्रीजरमधून स्वतः काढलेला नवा कण. सरमिसळ नाही. नमुना स्वच्छ आहे.

पुरुष आहे. आईकडून येणारा जनुकांचा धागा त्याचा आणि माझा अगदी एकच. बाप-मुलीत प्रत्येक ठिकाणी अर्धं जुळतं. भावा-बहिणीत तसं नसतं, कुठे सगळं जुळतं, कुठे काहीच नाही, गोधडीसारखं. ही गोधडी आहे.

मला एकच भाऊ. गोकुळ. दादा.

इथे लिहून ठेवते, कारण हे कुणाशी बोलायची घरात पद्धत नाही. मी बारावीला वसतिगृहात होते. दिवाळीला सोयगावला गेले तर दादा नव्हता. अण्णा, माझे वडील, म्हणाले, सुरतेला गेला कामाला. मग म्हणाले, पत्ता लागत नाही. मग काही म्हणेनासे झाले. त्याच्या आधीच्या वर्षी दादानं कॉलेज सोडलं होतं, खिडक्यांना कागद चिकटवायचा, भिंतीला कान लावून बसायचा. आज मला त्या आजाराचं नाव माहीत आहे, तेव्हा कुणालाच नव्हतं. लोक विचारतात, हाच विषय का घेतला. मी सांगते, योगायोग.

सोयगावच्या घरी त्याच्या-माझ्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. झोपायच्या आधी तो भिंतीवर दोनदा ठोकायचा, टक टक. म्हणजे, झोपलीस का? मी एकदा ठोकायचे. म्हणजे, हो.

नमुना यंदाचाच आहे. म्हणजे इतकी वर्षं मी मनात ज्याला कधी रेल्वेखाली, कधी समुद्रात मारत आले, तो या वर्षापर्यंत जिवंत होता. आणि आमच्या दान-कार्यक्रमात फक्त याच जिल्ह्यातले लोक आहेत.

तो इथेच होता.

२९ जुलै, मंगळवार

आई डबा घेऊन आली. हल्ली ती आत येत नाही. फ्रीजरच्या खोलीसमोर कडुलिंबाखाली बाक आहे, तिथे बसते. मी तिच्याशेजारी बसून शेपू चिवडत राहिले. आमच्यासमोर भिंत, भिंतीपलीकडे तिचा मुलगा, आणि तिला त्याचा पत्ता नाही.

“खाय की,” ती म्हणाली. “कोवळी हाय शेपू, निवडून आणलीय.”

सांगू कसं? ‘आई, दादा सापडला’ म्हटलं की तिचा चेहरा आधी उजळणार. तेवढा एक क्षण तो उजळलेला असणार, आणि पुढचं वाक्य मला बोलायचं असणार.

ती निघताना बाकावरून उठली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. गुडघे.

२ ऑगस्ट

नंबराबरोबर आम्हाला नाव मिळत नाही, पण बाकी थोडं मिळतं. वयोगट, आजार, औषधं. मी एकेचाळीसचं सगळं वाचून काढलं. स्किझोफ्रेनिया, जुना. औषधं नियमित. शरीराचं पोषण चांगलं. मृत्यू यंदाच्या मार्चमध्ये, न्यूमोनियानं. आणि मेंदू मिळाला तो मृत्यूनंतर चार तासांत. इतक्या लवकर क्वचितच मिळतो. त्यासाठी शेवटच्या क्षणी कुणीतरी उशाशी असावं लागतं, आणि डोळे पुसून आधी फोन उचलणारं असावं लागतं.

कोण होतं त्याच्या उशाशी? कुणी त्याला इतकी वर्षं नीट जेवू घातलं, गोळ्या दिल्या? लग्न केलं असेल का त्यानं? त्या बाईचा मला हेवा वाटतो. हेवा म्हणजे राग. माझा भाऊ तिनं ठेवून घेतला आणि आम्हाला एक निरोप धाडला नाही.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात गेले होते, आईच्या गोळ्या आणायला. गर्दीत पुढे एक मान दिसली. दादाच्या मानेवर डाव्या बाजूला भोवरा होता, केस तिथे कधी बसायचे नाहीत. मी त्या मानेमागे गल्लीच्या टोकापर्यंत गेले, दोन स्कूटरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. माणूस वळला तर पानवाला निघाला. मला म्हणाला, “क्या हुआ आपा, कुछ गिरा क्या?”

मेलेल्या माणसाला बाजारात शोधत फिरतेय. त्याचा मेंदू कुठल्या कप्प्यात आहे ते मला माहीत असताना.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

दर वर्षी आई माझ्याकडून एक राखी मागून घ्यायची. “देवीपाशी बांधते, दादाच्या नावानं.” आणि हर्सूलला घेऊन जायची. मला हे अडाणीपणाचं वाटायचं, पण राखी मात्र मी निवडून आणायचे. लाल धाग्याची, साधी, त्याला चमचम आवडायची नाही.

यंदाही आणली. आई म्हणाली, “आवंदा नगं.” का म्हटलं. “ठेव तुझ्यापाशी.” आणि आत जाऊन पडली. सणाच्या दिवशी घरात साधी खिचडी. पाडव्यालाही तिनं गुढी उभारली नव्हती, हात दुखतो म्हणून.

राखी माझ्या पर्समध्ये आहे. मार्चपर्यंत तो जिवंत होता. गेल्या राखीला तो याच शहरात कुठेतरी रिकाम्या हातानं बसला होता.

१३ ऑगस्ट

आज युसराला गाठलं. नाव तिच्याकडेच असतं, कुलूपबंद, आणि ते विचारणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. तरी विचारलं. एकेचाळीस कोण आहे?

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती इतका वेळ वाकून राहिली की मला कळलं, हिला माहीत आहे.

“मेरेकू नक्को पूछ, तनुजा,” ती म्हणाली. “विचारशील तर मला खोटं बोलावं लागेल. मैं जबान दे चुकी.”

“कुणाला?”

“त्याच्या माणसाला.”

म्हणजे ‘माणूस’ आहे. मी म्हटलं, त्याच्या बायकोला सांग, त्याला एक बहीण आहे. सख्खी. आणि आई आहे घरी, म्हातारी, तिला अजून वाटतं पोरगा येईल. माझा आवाज चढला होता. युसरानं दार लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माझ्या लक्षातच नाही आलं,” ती म्हणाली. “सम्यककडे दिला होता मी तो, मुद्दाम. तुझंच रक्त सगळ्यांमध्ये लावता तुम्ही, ते विसरलेच.” मग म्हणाली, “खालाजान कशा आहेत? घरी काही बोलतात?”

आईचं काय मध्येच? मला संताप आला. विषय कसा बदलावा हे तिच्याकडून शिकावं.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. पुरण नाही. गणपती यंदा चुलत्यांकडे बसवा असं आईनं परस्पर सांगून टाकलंय. सोयगावच्या घरापासूनचा गणपती! मी विचारलं तर म्हणाली, “एक साल नाय बसवला तर देव काय रागावतो?”

तिला काहीतरी होतंय. सगळ्यातून मन काढून घेतलंय तिनं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर उठून पोळ्या लाटायला लागली. अशा अवस्थेत मी दादाचं सांगितलं तर ती उरणार नाही. ठरलं. सांगायचं नाही. तिला तिचा सुरतेला गेलेला मुलगा राहू दे. हे ओझं मी एकटी वाहीन.

२८ ऑगस्ट

एकटीनं वाहवत नाही.

५ सप्टेंबर

फ्रीजर बंद होऊन पुन्हा सुरू होताना आतून आवाज करतो. कॉम्प्रेसर आहे, प्रत्येक फ्रीजर करतो. नऊ वर्षं मी तो ऐकत आले आणि कधी ऐकला नाही. आता ऐकू येतो. टक टक. मग घरघर.

काल त्या आवाजावर माझा हात आपोआप उठला. मी तो खिशात घातला.

मेंदूच्या खुणांवरून त्याचं वय काढता येतं. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. एकेचाळीसचं घड्याळ लावलं, चव्वेचाळीसच्या आसपास काटा आला. दादा चव्वेचाळीसचाच असता. मला वाटलं होतं, हाल झालेल्या माणसाचं घड्याळ पुढे पळालेलं असेल. तसं नाही. जेवढा जगला तेवढंच दाखवतं. कुणीतरी त्याला फार जपलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आई झोपल्यावर लिहितेय.

आज अण्णांची तिथी, पितृपक्षातली दशमी. मी रजा घेतली होती. आईनं पहाटेपासून स्वयंपाक केला. भजी, वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी. मी पानं मांडायला गेले तर एक पान आधीच मांडलेलं. अण्णांचं. त्याच्या शेजारी ती दुसरं मांडत होती. त्यावर तिनं सगळं वाढलं, आणि शेवटी एका बाजूला शेपूची भाजी.

हरवलेल्या माणसाचं कुणी पान वाढत नाही. पान वाढलं म्हणजे तो गेला असं कबूल केलं.

“हे कुणाचं?” मी विचारलं.

दुसऱ्या पानावरचं सगळं तिनं एकेक करून डब्यात भरलं. झाकण लावलं. फडक्यात बांधलं. डबा माझ्यासमोर ठेवला.

“मंगळवार हाय,” ती म्हणाली. “हे तिथं नेऊन ठेव. तुझ्या त्या फ्रिजापाशी.”

मला आधी वाटलं युसरानं सांगितलं. मग तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं, उलटं आहे. युसरानं जबान दिली ती हिलाच. उशाशी होती ती बाई ही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शेजारच्या द्वारकाबाई दारापर्यंत येऊन परत गेल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. माझं ओरडून झाल्यावर ती बोलली.

“हर्सूलच्या पुढं एक संस्था हाय, अशा लोकांची. अण्णांनीच नेऊन ठिवला. म्हणले, सुरतेला गेला म्हणायचं. पोरीचं लगीन व्हायचंय. घरात असं मानूस हाय कळल्यावर दारात कोण उभं राहील?” तिनं माझ्याकडे बघितलं. “आन तू तर केलंच नाय.”

“आणि अण्णा गेल्यावर? तेव्हा का नाही सांगितलं?”

“पयल्या दिवशी सांगितलं नाय, मंग कोणच्या दिवशी सांगायचं असतं? तूच सांग. तू शिकलेली हायस.”



सोयगाव सोडून इथे घर घ्यायचा हट्ट तिचा होता. माझ्या कॉलेजसाठी, असं मी समजत होते. दर मंगळवारी ती त्याच्यापाशी जाऊन बसायची, तो जेवायचा. बरे दिवस असले की बोलायचा, नसले की ती नुसती बसायची. “तुझी राखी हातातून काढू द्यायचा नाय. आंघुळीला बी नाय. पार झिजून तुटली की मंग उशीखाली ठिवायचा. तुझंच इचारायचा आधी. तनी काय करती, तनी काय शिकती. मी म्हणलं, डोस्क्यातलं शिकती, मेलेल्या मानसाचा मेंदू बघती. लई हसला. म्हणला, मंग माझाच बघ म्हणावं तिला आधी.”

“असं म्हणाला?”

“दरसाली म्हणायचा. संस्थेच्या मास्तरासमोर सही बी दिली त्यानं, बऱ्यात असताना. युसराबाईला मी बोलावलं व्हतं, तुला कळू नाय दिलं.”

मार्चमध्ये मी दिल्लीला परिषदेला होते. तेव्हाच. त्याला कफ झाला, तीन दिवसांत आटोपलं. मी म्हटलं, मला फोन का केला नाहीस? मी विमानानं आले असते. मला तो एकदा बघायला मिळाला असता.

“काय सांगणार व्हते फोनवर?” ती म्हणाली. “तुझा दादा गेला? आधी तो हाय, हे सांगावं लागलं असतं.”

मग ती रडली. मार्चपासूनचं. अण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रडतानाच म्हणाली, “मला वाटलं, कुठं परक्याच्या हातात तर नाय जायचा. भैन हाय तिथं. जवळ राहील.”

मी तिला माफ केलं का? नाही. इतक्यात नाही. वीस वर्षं एका रिक्षाच्या अंतरावर भाऊ होता, आणि मी त्याच्यासाठी राख्या देवीला पाठवत होते. हे मी कधी तरी माफ करीन असं वाटत नाही. पण डबा उचलला.

लॅबवर पोचल्यावर आई बाकावर बसली. लॅबच्या दारावर ‘आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत’ अशी पाटी आहे, मीच लावलेली. मी डबा हातात धरून काचेच्या दारापाशी उभी राहिले. आत फ्रीजर गप्प होता. बराच वेळ गप्प होता. मग सुरू झाला, टक टक.

मी काचेवर एकदा ठोकलं.

१८ सप्टेंबर

सगळं लेखी कळवलं. नियम सरळ आहे, स्वतःच्या नात्यातल्या माणसावर काम करता येत नाही. एकेचाळीसचा तपासायचा भाग हैदराबादला जाईल, माझे निकाल पुसले जातील. उरलेला मेंदू इथल्याच फ्रीजरमध्ये राहील, तो मी पुन्हा उघडायचा नाही. आणि माझं रक्त वजनमाप म्हणून बंद. पोरांना नवा बकरा शोधावा लागणार.

‘माझाच बघ म्हणावं तिला.’ बघितला, दादा. थोडासा. कुणाचा आहे ते माहीत नसताना. आता माहीत आहे तर बघायची परवानगी नाही.

युसरानं कागदांवर सही केली आणि माझा हात धरून बसली. मी तिला म्हटलं, तुझा राग आलाय मला. ती म्हणाली, येऊ दे, मैं कहाँ जा रही.

घरी आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “म्हंजे तो इथंच ना?”

“बराचसा इथेच.”

राखी मी पर्समधून काढली. तिनं ती घेतली आणि संस्थेतून आणलेल्या त्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी तिच्या कपाटात होती, माझ्या खोलीच्या भिंतीला लागून. आत धाग्यांचा गोळा होता, लाल, सगळे झिजलेले. मी निवडलेली एकेक राखी मला त्यात ओळखू आली.

२५ सप्टेंबर

दुपारी लाईट गेली. जनरेटरनं घेतलं. मी फ्रीजरच्या खोलीत जाऊन आकडा बघितला, उणे ऐंशी. आईचा फोन यायच्या आधी मीच लावला.

“आई, लाईट गेली होती. आली. दादा गार आहे.”



“बरं,” ती म्हणाली. “मंगळवारी तुला काय आणू?”

हा प्रश्न तिनं मला कधी विचारला होता ते आठवेना.

“मला मेथी आण,” मी म्हणाले. “त्याला शेपू.”